पदवी रसायनशास्त्राची, नोकरी काउंटरवर



बँकेत आमच्या खात्यात आम्ही सात बायका होतो. तिघी बी.एस्सी., एक वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. काम सगळ्यांना एकच, व्हाउचरं तपासायचं. घरचे म्हणायचे, नोकरी मिळाली ना, मग रडता कशाला? रडत नाही हो. शिकलेलं गेलं कुठे, एवढंच विचारतोय. आणि त्याचं उत्तर 'नशीब' किंवा 'संसार' म्हणून मिटत नाही.

मी रसायनशास्त्राची पदवीधर. डोंबिवलीची एमआयडीसी घरापासून चालत वीस मिनिटांवर. वारा फिरला की वास थेट स्वयंपाकघरात. तरी मी नोकरीसाठी रोज तासाभराची लोकल पकडून फोर्टला गेले. कारण शिफ्ट केमिस्टच्या जागेसाठी एका कारखान्यात गेले, तेव्हा अर्ज हातात घेतानाच सांगितलं, "लेडीज घेत नाही."

त्यांच्या हातात कायदाच होता. १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम ६६. संध्याकाळी ७ ते सकाळी ६ बाईला कामावर ठेवायचं नाही. राज्य सरकारने सवलत दिली तरी रात्री १० ते पहाटे ५ बंदीच. म्हणजे रात्रपाळी गेलीच, तीन ते अकराची दुसरी पाळीही गेली. तीनांतली एकच पाळी करणारी केमिस्ट कोण ठेवील?

हे म्हणे आमच्या संरक्षणासाठी! इस्पितळात नर्सने रात्र रात्र उभं राहिलेलं चालतं, तिथे हे संरक्षण कुणाला आठवलं नाही. रात्रीचं काम शरीराला वाईट असेल तर पुरुषाच्याही शरीराला वाईट. मग नियम दोघांसाठी करा.

मुंबईच्या एका औषध कंपनीत पॅकिंग खात्यातल्या बाईने लग्न केलं की तिची नोकरी संपायची. युनियन सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली, तेव्हा १९६५ साली तो नियम गेला. रात्रीच्या बंदीला जास्त वेळ लागला. २००० साली मद्रास उच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये कायदा बदलला, सुरक्षिततेची आणि घरापर्यंत वाहनाची अट घालून. २०२० च्या श्रमसंहितेतही बाईच्या संमतीने रात्रपाळी आहे.

'संमती' हा शब्द मात्र नीट बघा. अकराला पाळी सुटल्यावर गाडी नसेल, मूल ठेवायला जागा नसेल, तर बाई नाही म्हणणारच. आणि वर तीच ऐकणार, "बायकांनाच नको असतं."

म्हणून माझी सूचना आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या गटांनी लेडीज डब्यात यादी करावी. शिक्षण काय, काम काय, मधे आडवं काय आलं. तिसरा रकाना कोरा सोडू नका, बायका आधी "काही नाही" म्हणतात, थोडं थांबलं की बोलतात. कारखान्यांकडे लेखी विचारायचं, पाळीत बायका किती आणि गाडी आहे का. फॉर्म दारापाशी ठेवलेत, जाताना पंचवीस पंचवीस घेऊन जा.