पंपाआधी मेन स्विच



26 जुलै 2005 चा पाऊस उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात कुणी विसरलेलं नाही. 2019 च्या जुलैत तर बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली. उल्हास, वालधुनी फुगल्या की तळमजल्याच्या घरांत पाणी शिरतं.

म्हणून आम्ही गटातल्या बायकांनी वर्गणी काढून पाणी उपसायचा पंप घेतला. पहिल्याच वेळी चुकलो. पाइप दारातल्या गटारात सोडला. गटार तुंबलेलं, उपसलेलं पाणी पुन्हा घरात! आता पाइप लांब, उताराला सोडतो. खोलीच्या सखल कोपऱ्यात बादली मावेल एवढा खड्डा केलाय. पाणी तिथे गोळा होतं, पंप तिथेच बसतो. बाहेरचं पाणी उतरल्याशिवाय मात्र पंप लावत नाही. जेवढं उपसाल तेवढं आत येतं.

आणि विजेचं लक्षात ठेवा. पाणी उंबऱ्याला लागायच्या आत मेन स्विच बंद. पाण्यात उभं राहून बटणाला हात लावायचा नाही. वायरमनने तपासल्यावरच पंप सुरू करायचा.

तुमच्या घरात मेन स्विच कुठे आहे? पुढच्या बैठकीत प्रत्येकीने सांगायचं. ठाऊक नसेल, तर आजच बघून ठेवा.