माठातले पाणी आणि घरातले मूल

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरील आणि घाटाखालील असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील अनेक गावांत विहिरीला पाणी लागते, परंतु ते पिववत नाही. साहजिकच गोडे पाणी नळाने वा टँकरने ज्या दिवशी येईल त्या दिवशी घरातील प्रत्येक भांडे भरून ठेवणे हा तेथील गृहिणींचा शिरस्ता झाला आहे. या जिल्ह्यात लहान मुलांच्या आजारांचा विचार करावयाचा तर प्रारंभ या साठवणीच्या पाण्यापासूनच केला पाहिजे.

गावच्या टाकीतून निघालेले पाणी निर्जंतुक असले तरी त्याची खरी परीक्षा घरात होते. माठात पेला बुडविताना चार बोटेही बुडतात. दोन वर्षांचे मूल अंगणातल्या मातीने भरलेला हात सरळ रांजणात घालते. त्यानंतर तेच पाणी तीन-चार दिवस सर्वांच्या पोटात जाते. यावरील उपाय खर्चाचा नाही. माठ मुलाच्या हाताला न लागेल अशा उंचीवर असावा, त्यावर झाकण असावे, आणि पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. ओगराळे मात्र जमिनीवर पडू देऊ नये. नाही तर सगळा खटाटोप व्यर्थ.

पाणी खळखळून उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत, हा भेद खारपाणपट्ट्यात विशेष ध्यानी ठेवावयास हवा. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील काही गावांत केसगळतीची तक्रार आली आणि तेथील पाणी तपासले गेले, तेव्हा त्यात नायट्रेटचे प्रमाण मर्यादेहून अधिक आढळले. केसगळतीचे कारण म्हणून पुढे सेलेनियमचे नाव आले, तो विषय निराळा. पण नायट्रेट अधिक असलेल्या पाण्यात वरचे दूध कालवून तान्ह्या बाळास पाजल्यास त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि बाळ निळे पडू शकते. असे पाणी उकळून आटविले तर दोष कमी न होता वाढतो. तेव्हा अशा विहिरीचे पाणी बाळासाठी नकोच.

किंबहुना पहिले सहा महिने बाळास पाण्याची गरजच नाही. वैशाखात वऱ्हाडचे ऊन तापू लागले की लेकराचा घसा कोरडा पडेल या मायेने आजी चमचाभर पाणी पाजते. त्या मायेविषयी शंका नाही. परंतु आईच्या दुधात शंभरात सुमारे ८७ भाग पाणीच असते आणि ते पाणी कोणत्याही भांड्यास स्पर्श न करता बाळापर्यंत पोहोचते. तीच गोष्ट घुटीची. सहाण कोनाड्यात पडलेली, तिच्यावर धूळ व माश्या, आणि उगाळणाऱ्या बोटाची नखे वाढलेली. एवढ्या वाटेने आलेले औषध बाळाच्या पोटात काय घेऊन जाईल, हे सांगावयास नको.

आणखी एक समज खोलवर रुजलेला आहे. तान्ह्या मुलाची शी ‘निर्दोष’ मानली जाते. ती अंगणाच्या कडेला टाकली जाते आणि हात नुसत्या पाण्याखाली धरले जातात. वस्तुतः तीही मोठ्या माणसाच्या विष्ठेइतकीच रोग पसरविणारी असते. ती शौचालयात टाकावी व साबणाने हात धुवावेत. मुलाला भरविण्यापूर्वी आणि स्वयंपाकास हात लावण्यापूर्वीही साबण हवाच. गाडगेबाबांच्या वऱ्हाडात झाडूचे महत्त्व सांगावे लागत नाही. साबणाचे अद्याप सांगावे लागते.

एवढे करूनही मुलास हगवण लागली तर जीव जातो तो बहुधा अंगातील पाणी संपल्याने. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांची बनगाव येथे छावणी पडली होती. तेथे पटकीची साथ आली व शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून रुग्णांच्या नातेवाइकांकरवीच ते पाजण्यास प्रारंभ केला. शेकडा तीसच्या घरातील मृत्यूंचे प्रमाण चाराच्याही खाली आले. आज तीच विद्या ‘ओआरएस’च्या पुडीत आहे. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम कालवावी, अर्धी उरवू नये. चोवीस तासांनी उरलेले द्रावण टाकून द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा पाजावे. सहा महिन्यांवरील मुलास सोबत जस्ताची गोळी चौदा दिवस द्यावी, जुलाब थांबले तरी. अंगावरचे दूध आणि जेवण मात्र बंद करू नये. ‘पोटाला विश्रांती’ या नावाखाली मुलास उपाशी ठेवण्याची चाल घातक आहे.

ग्रामपंचायतीच्या सभासदांनी एका गोष्टीकडे जातीने पाहावे. टीसीएल पावडरचे पोते ओलसर खोलीत उघडे पडले की त्यातील क्लोरीन उडून जाते आणि उरते ती पांढरी भुकटी. ती टाकीत टाकल्याची नोंद वहीत होते. जंतू मात्र मरत नाहीत. म्हणून शेवटच्या घराच्या नळावर ओटी चाचणी घ्यावी. पाण्यास पिवळसर छटा आली तरच क्लोरीन तेथवर पोहोचले असे समजावे. हे काम शाळेतील वरच्या वर्गाची मुले गुरुजींच्या देखरेखीखाली पाहू शकतील.

जंतू श्वासावाटेही येतात. पऱ्हाटी आणि तुराट्यांच्या धुराने भरलेल्या बंद खोलीत निजणाऱ्या मुलास न्यूमोनिया लवकर गाठतो. शांत निजलेल्या मुलाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे साठ, वर्षाखालील मुलाचे पन्नास आणि त्याहून मोठ्या, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे चाळीस किंवा त्याहून अधिक भरले, अथवा श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर शेजारच्या मेळघाटात ‘डंबा’ म्हणून पोटावर डागण्या देतात तसले काही करीत बसू नये. आशाताईस हाक मारावी, १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी, आणि गाडी येईपर्यंत बाळास उबदार ठेवावे व दूध ओढत असेल तर पाजत राहावे.