टिंब टिंबच्या जागी काय?

आज बचतीचा हिशोब नाही, कर्जाच्या हप्त्याचंही बोलणं नाही. आज परीक्षेतल्या गाळलेल्या जागांबद्दल बोलायचंय. रेडिओवर मोकळी जागा दाखवता येत नाही, म्हणून शब्द गाळलाय तिथं आम्ही 'टिंब टिंब' म्हणू.

झालं असं. आमच्या गटातल्या एका बाईंची लेक पोलीस भरतीला उतरली. पहाटे उठून पळायची. मैदानी चाचणीत निघाली आणि लेखीत दोन गुणांनी राहिली. मराठीचे पाच प्रश्न तिनं कोरेच सोडले होते, शब्द माहीत नव्हते म्हणून. पोलीस शिपायाच्या लेखीत 100 गुण, 90 मिनिटं, आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. (राज्यसेवेसारख्या परीक्षेत कापतात, तेव्हा सूचना आधी वाचा.) आता घरात स्थळं बघायची बोलणी आहेत. आईनं भांडून एक संधी मागून घेतलीय.

मग शनिवारच्या बैठकीत पासबुकं भरून झाल्यावर आम्ही सरावाचं पुस्तक घेऊन बसलो. पहिलाच प्रश्न: 'तो पैशाने श्रीमंत असूनही खर्चाच्या बाबतीत टिंब टिंब होता.' पर्याय उदार, दानशूर, उधळ्या, कृपण. पोरगी म्हणाली, कृपण म्हणजे काय ते मला येत नाही. चौथी शिकलेल्या एका मावशी म्हणाल्या, "अगं, 'असूनही' म्हटलंय ना? म्हणजे उलटं काहीतरी. बाकीचे तिघं तर पैसा सोडणारे. राहिला कोण?" कृपण म्हणजे कंजूष. शब्द न येता उत्तर आलं!

आम्हाला वाटतं, हे आपल्याला नवीन नाहीच. द्राक्षबागेत पहिल्यांदा कामाला गेलो तेव्हा 'थिनिंग', 'डिपिंग' कुणी शब्दकोशातून सांगितलं होतं का? शेजारणीचे हात काय करतात ते बघून अर्थ कळला. वाक्यातही शेजारचे शब्द बघायचे. 'पण', 'तरी', 'असूनही' आलं की अर्थ उलटा फिरतो. 'म्हणून', 'त्यामुळे', 'कारण' आलं की एकाचा धागा दुसऱ्याला. हे घ्या: 'सलग दोन वर्षांच्या टिंब टिंब विहिरी आटल्या, म्हणून जनावरं छावणीत न्यावी लागली.' पर्याय अतिवृष्टीमुळे, अवर्षणामुळे, महापुरामुळे, सुबत्तेमुळे. आपल्या तालुक्यातल्या बाईला हे विचारायचं म्हणजे! तरी 'अवर्षण' शब्द अडला, तर फोडून बघा. वर्षा म्हणजे पाऊस, पुढं 'अ' लागला, पाऊस नाही.

मराठीत आणखी एक खूण असते, ती पुस्तकात फारशी कुणी सांगत नाही. 'पाहुणे अचानक आले आणि सुनेची टिंब टिंब उडाली.' पर्याय गोंधळ, घोळ, पंचाईत, तारांबळ. अर्थानं चारही जवळचे. पण 'सुनेची' म्हटलंय, 'सुनेचा' नाही. तो गोंधळ, तो घोळ, दोन्ही गेले. पंचाईत होते, उडत नाही. तारांबळ उडते. आपल्या तोंडात बसलेली भाषाच इथं उपयोगी पडते, म्हणून पर्याय वाक्यात घालून मोठ्यानं म्हणून बघा. परीक्षेत मनात म्हणा, नाहीतर बाहेर काढतील.

एक चूक मात्र तिनं आमच्यासमोरच तीनदा केली. टिंब टिंब आलं की तिथंच थांबायची आणि पर्याय बघायची. खूण बऱ्याचदा पुढच्या अर्ध्या वाक्यात असते. वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचायचं, मगच पर्याय.

नुसता शब्द देऊन समानार्थी विचारला तर ही युक्ती चालत नाही, तिथं वाचनच लागतं. ती आता रोज पेपरातले पाच शब्द वहीत वाक्यासकट उतरते आणि आई भाकरी थापता थापता विचारते.

जाता जाता एक तुमच्यासाठी. 'सासूबाई बोलायला फटकळ, पण मनाने टिंब टिंब.' पर्याय कोत्या, कठोर, निर्मळ, खुनशी. उत्तर तुमच्या गटाच्या बैठकीत द्या, सासूबाई असतील तर त्यांच्यासमोर.