फुलबागेचे उघडे दार
(शताब्दी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त बोलावयाचे आणि विषय फुलबागेचा निवडावयाचा, हे काहींना विसंगत वाटेल. परंतु या दोहोंचे नाते जवळचे आहे. आपल्याकडील कितीतरी ग्रंथालयांचा आरंभ कोणाच्या तरी घरातील कपाटापासून झाला. स्वतःपुरती जमविलेली पुस्तके एखाद्या गृहस्थाने शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाचावयास दिली आणि त्यातून पुढे संस्था उभी राहिली. घरचा ठेवा दहाजणांसाठी खुला करावा, ही ग्रंथालयाची मूळ प्रेरणा होय. ती घराच्या अंगणातील फुलबागेलाही लागू करता येईल काय, एवढाच प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

घराभोवतीच्या जागेसाठी मराठीत दोन सुंदर शब्द आहेत. मागचा तो परस आणि पुढचे ते अंगण. अळू, मिरची, केळी यांची जागा परसात. तुळशीवृंदावन आणि त्याच्या आसपासची अबोली, शेवंती, तगर, जास्वंद यांची जागा अंगणात. पोटासाठी लागणारे मागे आणि देवासाठी लागणारे पुढे, अशी ही मांडणी आहे. म्हणजे फुलझाड लावतानाच ते वाटेवरून जाणाऱ्याच्या दृष्टीस पडेल असे लावलेले असे. पेडणे आणि डिचोली महालांतील जुन्या घरांच्या गडग्याबाहेर डोकावणाऱ्या जास्वंदीची चार फुले पूजेसाठी शेजारणीने नेली, तर तिला कोणी जाब विचारीत नसे. मात्र कळी खुडू नये, दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू नये, हे अलिखित नियम तीही पाळीत असे. बाग उघडी होती आणि तिला शिस्तही होती.

चवथीच्या दिवसांत तर आपले प्रत्येक घर वनस्पतींचे प्रदर्शनच होते. गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या माटोळीत नारळ, सुपारीचे शिपटे, तोरिंगे, कांगण्यांचे घोस आणि रानातली पाने-फुले टांगलेली असतात, आणि लोक घरोघर जाऊन ती पाहतात. म्हणून दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याची झाडे, त्याची फुले पाहावयाची, ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपण तिचे वर्षातले दिवस मात्र मोजकेच ठेवले आहेत.

या अंगणात कोण कोण येऊन राहिले, तेही पाहण्यासारखे आहे. झेंडू आणि निशिगंध मूळचे मेक्सिकोकडचे, देवळासमोरचा पांढरा चाफा आणि सायंकाळी उमलणारी गुलबक्षी अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातली, बोगनवेल ब्राझीलची, शेवंती चीनची. अबोली मात्र दक्षिण भारताची आणि श्रीलंकेची, म्हणजे आपल्या घरचीच. दर्यापार करून आलेली ही पाहुणी मंडळी आपल्या देवपूजेत अशी मिसळून गेली की झेंडूवाचून दसरा आपल्याला सुचत नाही. ज्या अंगणाने इतक्या परक्यांना आसरा दिला, त्याचे दार माणसांना बंद असावे, हे काही शोभत नाही.

वनस्पतींची नोंद ठेवण्याची परंपराही गोव्यात जुनी आहे. गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा भारतीय वनौषधींवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. पुढे डॉ. दाल्गादो यांनी ‘फ्लोरा द गोवा ए सावंतवाडी’ हा ग्रंथ १८९८ साली प्रसिद्ध केला. त्या नावाकडे लक्ष द्यावे. पेडणे १७८८ साली पोर्तुगीज अमलाखाली गेले, पण झाडांनी ती सरहद्द कधी मानली नाही. फाल्गुन-चैत्रात शिरोडा, आरवली, आसोली या बाजूला सुरंगी फुलते, आणि तेरेखोल नदीच्या अलीकडे-पलीकडे सुरंगीच्या वळेसराचे अप्रूप सारखेच आहे. डिचोलीत शिरगावच्या लईराईच्या जत्रेत मोगऱ्याच्या कळ्यांचे जे महत्त्व आहे, ते मी आपल्याला सांगावयास नको.

आता चित्र पालटत आहे. डिचोली महालाने खाणीची लाल धूळ दीर्घकाळ पानापानांवर सोसली. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणकाम थांबले, काही वर्षांनी ते पुन्हा सुरू होऊ लागले. पेडण्यात मोपाच्या सड्यावर २०२३च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली आणि आसपासच्या जमिनींचे भाव चढले. शेणाने सारवलेल्या अंगणावर सिमेंटचे ठोकळे आले. बाजारातील झेंडू-शेवंतीचा फार मोठा वाटा आज कर्नाटकातून येतो. विकत आणलेल्या फुलाने पूजा होते, यात शंका नाही. पण ते कोणत्या झाडाचे, कोणत्या ऋतूचे, त्याचा खुंट कोणी कोणाला दिला, हे ज्ञान त्याच्याबरोबर येत नाही. ते घरच्या बागेतच राहते, आणि बाग गेली की तेही जाते.

यावर इतरांनी काय केले? इंग्लंडमध्ये १९२७ साली ६०९ खाजगी बागांची दारे लोकांसाठी उघडण्यात आली. माणशी एक शिलिंग घेऊन जमलेले ८ हजारांहून अधिक पौंड घरोघर जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या निधीला देण्यात आले. तो उपक्रम अद्याप चालू आहे. स्पेनमधील कोर्दोबा शहरात घरांच्या आतले फुलांनी भरलेले चौक लोकांना दाखविण्याची स्पर्धा १९२१ साली सुरू झाली, आणि २०१२ साली युनेस्कोने त्या उत्सवाला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्याकडे फोंडा महालातील काही कुळागरे पर्यटकांना खुली आहेत. तिथे तिकीट असते, जेवण असते आणि मिरवेलीची माहितीही मिळते. त्यामुळे काही कुळागरे टिकली, हे मान्य केले पाहिजे. परंतु पर्यटक पाहून निघून जातो. शेजारी एक फांदी मागून नेतो, ती रुजवतो आणि पुढच्या वर्षी तिचे फूल दाखवावयास येतो. माझा आग्रह या दुसऱ्या प्रकारच्या पाहुण्यासाठी आहे.

शंका अनेक निघतील. फुले चोरीस जातील, घराचा खाजगीपणा राहणार नाही, शेजाऱ्याशेजाऱ्यांत चढाओढ लागेल. या शंका खोट्या नाहीत. म्हणून दिवस मोजके असावेत: भाद्रपदात तेरड्याच्या वेळी एक, पौषात शेवंतीच्या वेळी एक आणि चैत्रात मोगऱ्याच्या वेळी एक. वेळ सकाळची. पाहुणे ग्रंथालयाचे सभासद आणि शाळेची मुले, एका वेळी पंधरा-वीस. दार अंगणाचे उघडावे, माजघराचे नव्हे. बक्षीस नको, क्रमांक नको. ज्याच्याकडे चार कुंड्या आहेत, त्याचीही बाग बागच समजावी.

एक गोष्ट मला विशेष आग्रहाने सांगावयाची आहे. आपल्या घरांतील फुलबागा बहुधा स्त्रियांनी राखलेल्या आहेत. पाणी त्यांनी घातले, कीड त्यांनी वेचली, माहेराहून फांदी त्यांनी आणली. दर्शनाच्या दिवशी यजमान अंगणात भाषण करीत आहेत आणि जिच्या हाताने बाग वाढली ती आत चहाचे आधण ठेवीत आहे, असे घडू नये. चहा त्या दिवशी यजमानांनी करावा. बागेविषयी तिनेच बोलावे, आपल्या नित्याच्या भाषेत, आणि ग्रंथालयाने ते लिहून घ्यावे.

हेच या योजनेतले ग्रंथालयाचे काम. प्रत्येक बागेसाठी एक वही ठेवावी. झाडाचे त्या गावात चालणारे नाव, ते फुलण्याचा महिना, ते कोठून आले, कोणत्या देवाला वाहतात, कोणत्या दुखण्यावर उपयोगी पडते, हे त्यात नोंदवावे. डॉ. दाल्गादोंच्या ग्रंथाला सव्वाशे वर्षे होऊन गेली. आपल्या अंगणांचा ग्रंथ अजून लिहिला जावयाचा आहे, आणि त्याच्या लेखिका आज आपल्या घरोघरी आहेत. त्यांतील कित्येकींचे वय झाले आहे, हे विसरून चालणार नाही.

शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्या कपाटाची किल्ली फिरवली, म्हणून आज आपण येथे जमलो आहोत. आपल्या अंगणाच्या फाटकाला बहुधा किल्लीही लागत नाही, नुसती कडी काढावी लागते. येत्या चैत्रात ती काढण्यास जे सभासद तयार असतील, त्यांनी आपली नावे ग्रंथपालांकडे द्यावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.