दचकणारं मूल

टेबलावर डस्टर आपटलं की एखादं मूल दचकतं, वही छातीशी धरतं, नंतर तासभर फळ्याकडे बघतच नाही. आपण म्हणतो, अभ्यासात लक्ष नाही. पण घरातली मारझोड, कुणाचा मृत्यू, नको तो स्पर्श, यांची भीती अंगात मुरलेली असू शकते. ती ओळखायला शिकावं लागतं.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांनुसार शाळांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करायची आहे आणि त्यांना बालसुरक्षेचं नियमित प्रशिक्षण द्यायचं आहे. त्यात शिपाई आणि कंत्राटी कामगारही आले. मला वाटतं, शाळा व्यवस्थापन समितीनंही या प्रशिक्षणाला बसावं. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात. आपल्या सोलापुरात त्यात विडी वळणारी आई असेल, यंत्रमागावरचा बाप असेल. म्हणून हे प्रशिक्षण मराठीबरोबर तेलुगू, कन्नडमध्येही हवं.

मूल बोलू लागलं, तर शेजारी बसा, आवाज खाली ठेवा. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. लैंगिक अत्याचार कळला, तर पोलिसांना कळवणं पोक्सोच्या कलम १९ नं बंधनकारक आहे. मदतीसाठी चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे १०९८.