लीड्समधला एक गुरुवार आणि २० तासांचा हिशोब

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "दादा, यूकेत मास्टर्स करताना दिवस नेमका कसा जातो?" रील्समध्ये जुन्या इमारती आणि कॉफीचे कप दिसतात. आज मी तुम्हाला फक्त एका दिवसाबद्दल सांगणार आहे. नोव्हेंबर २०२१ मधला एक गुरुवार. बीटेक करून, एक वर्ष नोकरी करून मी लीड्सला एमएस्सीला गेलो होतो.

सकाळी साडेसहाला अलार्म. बाहेर मिट्ट काळोख, कारण तिकडे नोव्हेंबरच्या शेवटी आठ वाजत आले तरी सूर्य उगवत नाही. पावणेसातला घरी फोन, म्हणजे कराडमध्ये सव्वाबारा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे साडेचार तासांचा फरक साडेपाचवर येतो. आई विचारायची, "जेवलास का रे?" बाबा विचारायचे, "झेपतंय ना?" दोन्हीला माझं उत्तर ठरलेलं, "हो."

मग डबा. सहा जणांत एक किचन. पहिल्याच आठवड्यात माझ्या फोडणीने स्मोक अलार्म वाजवला होता आणि सगळं घर नाईट ड्रेसमध्ये रस्त्यावर! तेव्हापासून खिडकी उघडून, थंडीत कुडकुडत फोडणी. डबा भरून वुडहाउस मूरच्या मैदानातून वीस मिनिटं चालत युनिव्हर्सिटी. लांबून पार्किन्सन बिल्डिंगचं पांढरं घड्याळ दिसायचं आणि आपण किती लेट आहोत ते कळायचं.

नऊ ते अकरा लेक्चर, मग ग्रुप प्रोजेक्टची मीटिंग. प्रोफेसरांना 'सर' म्हणायचं नाही, थेट नावाने हाक मारायची. ते जमायला मला दोन महिने लागले. त्या दिवशी पहिल्या असाइनमेंटचे मार्क आले. ५८. बीटेकला ऐंशीच्या घरात असणारा मी, पोटात गोळाच आला. नंतर कळलं की तिथे मास्टर्सला पासिंग ५० आणि ७० म्हणजे डिस्टिंक्शन. म्हणजे ५८ वाईट नव्हते. पण डोक्याला हे समजायला वेळ लागतो.

दुपारी लायब्ररी. चार वाजायच्या आत सूर्य मावळलेला. पाच ते दहा शिफ्ट, एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये भांडी घासायची. पगार तेव्हाच्या किमान दराने, तासाला ८.९१ पाउंड. पाच तासांचे साधारण ४४ पाउंड, म्हणजे साडेचार हजार रुपये.

आता मुद्द्याचं. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम. आठवडा म्हणजे सोमवार ते रविवार. या आठवड्यात १५, पुढच्या आठवड्यात २५, अशी सरासरी चालत नाही. स्वयंरोजगारही चालत नाही, म्हणून ॲपवर फूड डिलिव्हरी करणंही नियमात बसत नाही. माझे सोमवार, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार मिळून बरोब्बर २० व्हायचे.

त्या रात्री मॅनेजर म्हणाला, "शुक्रवारी आणि रविवारीपण ये. वरचे दहा तास रोख देतो, कागदावर येणार नाहीत."

दहा तास, ८९ पाउंड. मंडळी, खोटं कशाला बोलू? मी 'नाही' म्हटलं नाही. मी म्हटलं, "उद्या सांगतो." कारण घरी बाबा दर महिन्याला माझ्या लोनचं व्याज भरत होते. ते रिटायर व्हायला दोन वर्षं उरली होती.

साडेदहाला घरी चालत येताना सगळा हिशोब डोक्यात. एका पारड्यात ८९ पाउंड. दुसऱ्यात अख्खा व्हिसा, कारण नियम मोडला तर तो रद्द होऊ शकतो. डिग्री गेली तर कोर्सनंतर तेव्हा दोन वर्षं राहून काम करू देणारा ग्रॅज्युएट रूटही गेला. रोख पैसे देणारा मॅनेजर तेव्हा ओळख दाखवणार होता का? अकराला घरी, बारापर्यंत कोडिंगचा एक बग, मग झोप. झोप कसली, नुसतं पडून राहिलो.

सकाळी फोनवर बाबांनी विचारलं, "झेपतंय ना?" पहिल्यांदाच म्हटलं, "नाही बाबा, जड जातंय." सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "व्याजाचं मी बघतो. तू कागद स्वच्छ ठेव."

मी मॅनेजरला नाही सांगितलं. तो काही बोलला नाही, पण पुढच्या आठवड्यापासून माझे तास २० वरून १० वर आले. डिसेंबर भयंकर गेला. सुपरमार्केटमध्ये रात्री पिवळं लेबल लावून स्वस्त केलेला ब्रेड आणि डाळ यावर दिवस काढले. जानेवारीत कॅम्पसवरच्या एका कॅफेत काम मिळालं, तास नियमातले आणि पगार थेट बँकेत.

जाणार असाल तर दोनच गोष्टी सांगतो. पहिल्या दिवसापासून तासांची एक्सेल शीट ठेवा, सोमवार ते रविवार. आणि घरच्यांना 'हो, झेपतंय' याच्या पुढचंही काहीतरी सांगा. मी ते दोन महिने आधी सांगायला हवं होतं.

चला, आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या एपिसोडमध्ये तिकडे घर भाड्याने घेताना काय बघायचं, त्यावर बोलू. काळजी घ्या, भेटूच!