उत्तर नव्हे, वाट दाखवावी

(सेवावस्तीतील अभ्यासिकांचे कार्यकर्ते आणि पालक यांच्या एकत्रीकरणात झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



सायंकाळी समाजमंदिरात चटया अंथरल्या जातात आणि अभ्यासिका सुरू होते. ज्या घरात एकाच खोलीत स्वयंपाक, दूरचित्रवाणी आणि धाकटी भावंडे नांदतात, तेथील मुलाला दोन तासांची शांतता मिळवून देणे हीदेखील मोठी सेवा आहे. परंतु त्या दोन तासांत आपण त्याला नेमके काय देतो, हा प्रश्न आज मांडावयाचा आहे. आरंभ स्वतःच्या चुकीपासून करणे उचित ठरेल.

काही वर्षांपूर्वी आठवीतला एक मुलगा वही घेऊन माझ्याकडे आला. 'शास्त्रीय कारण लिहा : लोखंडी खिळा पाण्यात बुडतो, परंतु लोखंडी जहाज तरंगते.' मी घाईत होतो. चार ओळी सांगितल्या, त्याने उतरवून घेतल्या. वही पूर्ण झाली आणि आम्हा दोघांनाही समाधान वाटले. परीक्षेत प्रश्न थोडा फिरवून आला. झाकण लावलेला रिकामा स्टीलचा डबा तरंगतो, पण त्यात पाणी भरल्यावर तो का बुडतो? मुलाने खिळ्याचे आणि जहाजाचे उत्तर जसेच्या तसे लिहिले. गुण मिळाले नाहीत. तो मला एवढेच म्हणाला, "दादा, तुम्ही सांगितलं होतं तेच लिहिलं." त्या वाक्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते अधिक झोंबले. मी त्याला मदत केली नव्हती. त्याचा विचार करण्याचा अधिकार काढून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी बादली आणि डबा घेऊन बसलो. डबा तरंगला, भरला तेव्हा बुडाला. मी फक्त विचारले, "डबा तोच आहे, मग बदलले काय?" बराच वेळ गेला. मग तोच म्हणाला, "आधी आत हवा होती, म्हणून सगळं मिळून हलकं होतं." लोखंडाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८ पट असते, म्हणून खिळा बुडतो. जहाजाच्या पोकळीतील हवा धरून त्याची सरासरी घनता पाण्याहून कमी भरते, म्हणून ते तरंगते. हे त्याला आता सांगावे लागले नाही, केवळ शब्द पुरवावा लागला. सेमी-इंग्रजीच्या पुस्तकातील 'डेन्सिटी' म्हणजे हीच घनता, हे कळल्यावर त्या परक्या शब्दाची भीतीही गेली.

डॉ. जयंत नारळीकर यांचे बालपण बनारसला गेले. त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार घरातील फळ्यावर गणिताचे एखादे आव्हान लिहून ठेवीत. भाच्याने ते सोडवीपर्यंत किंवा हार मानीपर्यंत ते तसेच राहत असे. मामांना उत्तर ठाऊक होते. तरी ते थांबत. पुढे हाच भाचा केंब्रिजला गेला आणि जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ झाला. प्रत्येक घरात असा मामा नसतो. वस्तीतल्या मुलासाठी तो मामा आपण व्हायचे आहे.

इंग्रजीचेही असेच आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते, तरी दहावीतला मुलगा 'मला दोन भाऊ आहेत' याचे भाषांतर 'टू मी टू ब्रदर्स आर' असे करतो. आपण हसतो. वस्तुतः तो मूर्ख नाही. तो मराठीच्या नियमाने प्रामाणिकपणे चालला आहे. मराठीत भूक मला 'लागते', भाऊ मला 'असतात'. इंग्रजीत 'मी' कर्ता होतो आणि म्हणतो, 'आय ॲम हंग्री', 'आय हॅव टू ब्रदर्स'. दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी लिहा आणि फरक त्यालाच शोधू द्या. मातृभाषेच्या पक्क्या पायावर परभाषेचा मजला चढतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचे माध्यम सुचविले, ते याच विचाराने.

आज तर प्रश्नाचे छायाचित्र काढले की भ्रमणध्वनी क्षणात उत्तर लिहून देतो. त्या यंत्राचा द्वेष करण्याचे कारण नाही. पण जर आपणही केवळ उत्तरेच पुरविणार असू, तर यंत्र ते काम आपल्याहून लवकर करील. मुलाच्या चेहऱ्यावरील गोंधळ ओळखून त्याच्याशेजारी दहा मिनिटे शांत बसणे, हे मात्र माणसाचे काम आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन पथ्ये पाळावीत. प्रथम विचारावे, 'तुला यातले काय कळले?' मग एकच पायरी दाखवून थांबावे. शेवटी तोच प्रश्न फिरवून घालावा. स्वतःला उत्तर येत नसेल तर 'उद्या पाहून सांगतो' असे मोकळेपणाने म्हणावे. त्यातही एक संस्कार आहे. आणि पालकांनो, 'गृहपाठ झाला का?' याऐवजी 'आज काय समजले, ते मला सांग' असे विचारा. आईला विज्ञान येत नसले तरी चालेल. तिला समजावताना मुलाला ते येईल.

परावलंबी मुलांतून स्वावलंबी राष्ट्र उभे राहत नाही. अभ्यासिकेत आलेल्या मुलाला आपली गरज दिवसेंदिवस कमी भासू लागावी, हीच आपल्या सेवेची कसोटी समजू या. इतके बोलून मी थांबतो.